इंजिनाचा जमाखर्च

माझी नणंद कोषागार कार्यालयातून निवृत्त झाली आणि तिने मोटारीचं इंजिन शिकायला घेतलं. गाडी ती पूर्वीपासून चालवते. आत नेमकं काय घडतं ते तिला कळून घ्यायचं होतं. कोल्हापुरात अशा माणसाला वाट शोधत हिंडावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंड करणारे, बोअर करून देणारे, हेडचं तोंड सपाट करून देणारे जागोजागी बसलेले आहेत, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईला आधी स्टूल आणि मग चहा देण्याइतका मोकळेपणाही तिथे आहे. एका भंगारवाल्याकडून तिने जुन्या मारुती ८०० चं इंजिन घेतलं, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर चढवलं आणि गोटी पाना हातात घेतला.

माझी मुलगी चाकणला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम बघते. नणंदेला घरात सगळे आत्याच म्हणतात. आत्याचा हा उद्योग माझ्या लेकीला पटत नाही, आणि तिची कारणं पोरकट नाहीत. या खेपेला ती सुट्टीवर आली तेव्हा दोघी शेडमध्ये बसल्या आणि चांगलीच जुंपली. मी तिथेच होते. माझा कल आत्याकडे आहे हे आधीच सांगून टाकते. पण लेकीचे मुद्दे गाळून हा वाद सांगितला तर तो वादच राहणार नाही.

लेक : आत्या, स्पष्ट बोलू? शिकायचं तर पुढचं शीक ना. हे यंत्र आता जाणार आहे. तू अशा वस्तूचा अभ्यास करतेयस जिचे दिवस भरलेत.

आत्या : जाणार असेल तर जाण्याआधी नीट बघून घेते. इतकी वर्षं त्याच्या जिवावर हिंडले. गाडी बंद पडली की दादा बॉनेट उघडायचा आणि आम्ही बायका झाडाखाली जाऊन उभ्या राहायचो. कुणी जा म्हणत नव्हतं. आम्हीच जायचो.

मीही त्या झाडाखाली उभी असायची. करूळ घाटात गाडी थांबली की 'गरम झाली' एवढंच कानावर यायचं. काय गरम झालं, कशाने झालं, पाणी कुठे ओततात आणि इतका वेळ थांबून का ओततात, यातलं काहीही विचारावंसं वाटलं नाही. ते न वाटणं कुठून आलं होतं, याचा विचार मी आत्याचं टेबल बघून पहिल्यांदा केला.

लेक : बरं, पण उपयोग काय? तुझ्या रोजच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे, ईसीयू आहे. बिघडलं तर स्कॅनर लावतात, कोड वाचतात, पार्ट बदलतात. तुझ्या या कार्बोरेटरच्या ज्ञानाला तिथे कोण विचारणार?

आत्या : उपयोगासाठी करतच नाही मी. पण विचारलंस म्हणून सांगते. मागे सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा आणि मिनिटभरात थांबायचा. एका गॅरेजमध्ये नेली. मालक म्हणाला, 'बाई, रिंगा गेल्यात. इंजिन काम निघालं.' मी म्हटलं, रिंगा गेल्या असत्या तर चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावरही धूर दिसला असता. तो दिसत नाही. रात्रभर उभी राहिली तरच सकाळी येतो. म्हणजे ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतंय. आधी व्हॉल्व्हचे सील बघा.

लेक : मग?

आत्या : रबर इतकं कडक झालं होतं की नखाने तुटलं. सील बदलले, धूर थांबला. बोअर उघडावाच लागला नाही.

लेक : म्हणजे पैसे वाचले. झाला की उपयोग.

आत्या : झाला. पण त्या दिवशी मी घरी आले ती पैसे वाचले म्हणून खूश नव्हते. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरा धूर थांबेचना आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत शिरतंय, हेड गॅस्केट उडालंय. सगळी हयात मी गाड्यांचा धूर बघत आले, पण बघून काही कळत नव्हतं. आता कळतं. हे कळणं तुला पगाराबरोबर मिळालं म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

लेक गप्प बसणारी नाही. तिने टेबलावरचा पिस्टन उचलला, हातात फिरवला आणि तिचा खरा मुद्दा काढला.

लेक : तुझ्या आनंदावर माझा आक्षेप नाही. आक्षेप या यंत्रावर आहे. तू आयुष्यभर सरकारी पैशाचे हिशेब तपासलेस. याचाही जमाखर्च तपास. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत किती पोचते?

आत्या : तपासलाय.

आणि तिने खरोखरच लांब वही काढली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली बेरीज. अक्षर कोषागारातलंच, एकही खाडाखोड नाही.

आत्या : शंभर रुपयांचं पेट्रोल जमा धर. त्यातले तीस-पस्तीस रुपये रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून हवेत जातात. जवळजवळ तितकेच सायलेन्सरमधून, गरम धुराबरोबर. चार-सहा रुपये आतल्या घर्षणात. क्रँकवर पोचतात ते पंचवीस-तीस. त्यातून गिअरबॉक्स आपला वाटा घेतो, सिग्नलला उभं राहून काही जातात. गावात चालवली तर चाकाच्या हाती वीसच्या आसपास, कधी त्याहूनही कमी.

लेक : शंभरातले वीस! असं बिल तुझ्या टेबलावर आलं असतं तर पास केलं असतंस?

आत्या : नसतं केलं. पण परत पाठवण्याआधी पैसे कुठे गेले ते शोधलं असतं. इथेही तेच करतेय. यातली गळती किती आणि नियमच किती, हे वेगळं काढायला नको? उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर काही उष्णता थंड जागी सोडून द्यावीच लागते. सादी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने हे १८२४ साली लिहून ठेवलंय, आणि त्याला आजवर कुणी पळवाट काढलेली नाही. तेवढं वजा कर. त्यावरची उधळपट्टी मात्र आपली. ती कमी करायचा एक मार्ग म्हणजे मिश्रण जास्त दाबायचं. हे जुनं पेट्रोल इंजिन आठ-नऊ पट दाबतं. डिझेल इंजिनात नुसती हवाच पंधरा-वीस पट दाबतात, ती इतकी तापते की ठिणगीची गरज उरत नाही. म्हणून डिझेलचा हिशेब नेहमी बरा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवलं ते सव्वीस टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हाची बहुतेक वाफेची इंजिनं त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती.

आमच्या भागात डिझेल इंजिन काही परकं नाही. मोटरपंप येण्याआधी मळ्यात, विहिरीच्या काठावर ते असायचं. किर्लोस्करांचं नाव घराघरांत होतं ते या इंजिनांमुळे. त्याचा ठोका अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा आणि बाईमाणूस त्यावरून ओळखायचं की पाणी सुरू झालं, आता दारं धरायला जायचं. ठोक्याचा अर्थ बायकांना ठाऊक होता. हँडल मात्र पुरुष मारायचे.

आत्या : आणि जमेच्या बाजूची एक नोंद सगळेच विसरतात. हवा. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते.

लेक : आणि बाहेर पडतो सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. तीही नोंद कर.

आत्या : केलीय, ही बघ. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो बाहेर कसा पडेल? हा आकडा वाचल्यावर त्या रात्री मला झोप नव्हती. मग उमगलं की वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे. कार्बन आपण आणला, ऑक्सिजन वाटेत उचलला. हिशेब जुळला.

लेक : म्हणजे किती नुकसान होतंय ते तुला पैशापैशापर्यंत माहीत आहे, आणि तरी तुला हे आवडतं.

आत्या : नुकसान मला याच्या आत शिरल्यावर कळलं. तोवर पेट्रोल म्हणजे पंपावर द्यायचे पैसे.

यावर लेक काही बोलली नाही. पिस्टन तिने हलकेच खाली ठेवला. मला वाटतं हा मुद्दा तिला लागला, कारण ती कामावरच्या माणसांना हेच सांगून थकते की लोकांना टाकीत काय जातं आणि पुढे त्याचं काय होतं याची कल्पनाच नसते.

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, या लोखंडात भोकं तीनच कशी? आमच्या ऐकण्यात चार सिलिंडर.

आत्याने मला टेबलाच्या या बाजूला ओढलं. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धाव ७२ मिलिमीटर. तिने माझ्याच हाती पट्टी दिली. मग वहीत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, धावेने गुणलं, तिनाने गुणलं. उत्तर आलं ७९६ घन सेंटिमीटर. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली तेव्हापासून आपण सगळे आठशे म्हणत आलो, आणि ते आठशे म्हणजे या तीन भोकांत मावणारी हवा. इतकी वर्षं ते मला मॉडेलचं नाव वाटत होतं.

आत्या : आता तीनची गंमत ऐक, वहिनी. एका सिलिंडरचं काम चार टप्प्यांत होतं. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, पेटवून ढकलायचं, धूर बाहेर टाकायचा. त्याला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. म्हणजे ७२० अंशांत तीन धक्के, दर २४० अंशांनी एक. पण एकेक धक्का टिकतो जेमतेम अर्धा फेरा, १८० अंश. मधल्या साठ अंशांत इंजिनाला ढकलणारं कुणीच नसतं.

लेक : म्हणून तीन सिलिंडरची गाडी सिग्नलला थरथरते.

आत्या : ते एक कारण. दुसरं, तीन पिस्टन एका ओळीत, त्यामुळे पुढचा वर जाताना मागचा खाली, आणि सगळा ठोकळा पुढे-मागे डुलायला बघतो. आणि त्या साठ अंशांत गाडी कोण पुढे नेतं? हे मागचं जड चाक. फ्लायव्हील. मला पूर्वी वाटायचं इतकं वजन उगाच कशाला.

लेक : आत्या, हे सगळं मी पहिल्या वर्षाला शिकले. परीक्षेत आकृतीही काढली.

आत्या : कधी हात लावलास?

लेक : वर्कशॉपमध्ये एक कापलेलं मॉडेल होतं. लांबून बघितलं.

मग आत्याने हेड पुढ्यात ओढलं. हे काम मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. हेडमध्ये सहा व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला दोन. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची पाठ काळी, काजळी बसलेली. बाहेर टाकणाऱ्याची राखाडी, तपकिरी, कोरडी. कारण त्याच्यावरून सातशे अंशांच्या आसपासचा धूर जातो आणि तिथे काजळीही टिकत नाही. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचा बारीक ठिपका लावायचा, काठीच्या टोकाची रबरी वाटी व्हॉल्व्हला चिकटवायची, आणि दोन तळव्यांत काठी धरून मागे-पुढे घुसळायची. मधून मधून व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा ठेवायचा. सुरुवातीला खरखर ऐकू येते. पेस्टचे कण झिजले की आवाज मऊ होतो. पुसून बघितलं की कडेला सर्वत्र सारख्या रुंदीची मंद करडी पट्टी उमटलेली दिसली पाहिजे. कुठे तुटक दिसली तर तिथून दाब निसटणार. शेवटी स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये डिझेल ओततात आणि खालून थेंब येतो का बघतात.

तीन हजार फेऱ्यांना चालणाऱ्या इंजिनात हा व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि पंचवीस वेळा याच पट्टीवर घट्ट बसतो. आत्याने ओतलेलं डिझेल पाच व्हॉल्व्हांनी धरलं. सहाव्याखाली ओल आली. तिने निमूट पुन्हा पेस्ट लावली.

लेक : मला आणखी एक गोष्ट खटकते. तू इथे बसलीस की गल्लीतले लोक बघायला येतात. 'या वयात, बाई असून, काय कौतुक!' मला ते कौतुक नको वाटतं. आमच्याकडे लाइनवर मुली आहेत, टेस्टिंगला मुली आहेत. त्या कामाला येतात, काम करतात, घरी जातात. कुणी फोटो काढत नाही. तू इंजिन समजून घेतेस यात बाईपणाचा संबंध कुठे आला?

आत्या : नाहीच. पण तुझ्या लाइनवरच्या मुलींआधी कुणीतरी गेलं होतं. सुधा मूर्तींनी १९७४ साली टेल्कोची जाहिरात वाचून जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं होतं. जाहिरातीत छापलं होतं की महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यानंतर त्या तिथे लागल्या. फार जुनी गोष्ट नाही ही. मी तेव्हा शाळेत होते.

लेक : या गोष्टी आठ मार्चला सगळे सांगतात. बर्था बेंझचीही सांगतात. १८८८ साली नवऱ्याला न विचारता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गाडी नेली.

आत्या : धाडस सांगतात, मला तिच्या टोपीच्या पिनेत रस आहे. पेट्रोलची नळी चोंदली, तिने पिनेने साफ केली. नळी चोंदली हे तिला गाडी अडखळण्यावरून कळलं, म्हणजे आतला रस्ता तिच्या डोळ्यांसमोर होता. ब्रेकचा लाकडी ठोकळा झिजला, तर तिने चांभाराकडून त्याला चामडं ठोकून घेतलं. आजही ब्रेकला लायनर असतोच. बरं, तिला सोड. बिअॅट्रिस शिलिंग ऐकलीस?

लेक : नाही.

आत्याने कार्बोरेटर घेतला आणि त्याचं झाकण काढलं. आत लहानशी टाकी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि सुईने वाट बंद करतो. कमी झालं की खाली जातो, वाट उघडते. आपल्या घरावरच्या टाकीत असतो तोच प्रकार.

आत्या : दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, कार्बोरेटरवालं. विमानाने एकदम नाक खाली घातलं की टाकीतलं इंधन छताला जाऊन चिकटायचं. इंजिनाला आधी इंधन मिळायचं नाही, आणि मग फ्लोटचा गोंधळ उडून सुई उघडी राहायची, इंधनाचा पूर यायचा आणि इंजिन गुदमरायचं. जर्मन विमानांत थेट इंजेक्शन होतं, त्यांना ही अडचण नव्हती. ती नाक खाली घालून निसटून जायची. आता तू इंजिनिअर आहेस. काय करशील?

लेक : कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवीन.

आत्या : लढाई चालू आहे. विमानं रोज उडतायत.

लेक : मग... पूर येतो तो थांबवायचा. आत येणारा प्रवाह मर्यादित करायचा.

आत्या : किती?

लेक थांबली. मग सावकाश म्हणाली : इंजिनाला पूर्ण जोरात असताना जास्तीत जास्त जितकं लागतं, तितकाच. त्याहून थेंबही जास्त नाही.

आत्या : तेच केलं बिअॅट्रिस शिलिंगने. पितळेचा लहानसा तुकडा, मधोमध मोजून पाडलेलं भोक. इंधनाच्या नळीत बसवायचा, विमान कारखान्यात न्यायची गरज नाही. १९४१ साली तिची माणसं विमानतळांवर जाऊन ते बसवत फिरली. तिने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवली होती, तिच्याबद्दल सांगतात ते हेच आधी. मला ते भोक जास्त थोर वाटतं. आणि आत्ता तू ते स्वतः शोधून काढलंस, चेहरा बघ कसा झालाय.

तिचा चेहरा खरंच उजळला होता. पण हार मानली असं कुणी समजू नये. तिने खुर्ची पुढे ओढली.

लेक : ठीक आहे. मी १८८८ म्हटलं ना? त्याच साली निकोला टेस्लाला अमेरिकेत एसी मोटरची पेटंट मिळाली. ते यंत्रही तितकंच जुनं आहे आणि त्याचा जमाखर्च शंभरातले नव्वद. फिरणारा भाग एक, रोटर. व्हॉल्व्ह नाही, पेस्ट नाही, काजळी नाही. तुझ्या ९ युनिटांत तू अठरा-वीस किलोमीटर जातेस. माझी लहान गाडी तितक्यात साठ किलोमीटर जाईल.

आत्या : हिशेब अर्ध्यावर उघडलास. तुझी ९ युनिटं वीज म्हणून आली. चंद्रपूरला कोळसा जाळून ती करायची तर कोळशातल्या उष्णतेतला तिसरा हिस्साच वीज होतो. कार्नो तिथेही बसलाय. वाटेत तारांत काही जाते. मग साठाचे वीसच राहिले.

लेक : सगळी वीज चंद्रपूरची नाही. कोयना आहे, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आहेत, आता शेतात सोलर आलंय. आणि मग तुझं पेट्रोलही विहिरीपासून मोज. तेल उपसणं, जहाज, रिफायनरी, टँकर. महत्त्वाचं म्हणजे माझी गाडी तीच राहते आणि वीज दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाते. तुझं इंजिन पहिल्या दिवशी जितकं जाळतं तितकंच शेवटच्या दिवशी. आणि माझ्या गाडीचा धूर शाळेच्या फाटकासमोर निघत नाही.

आत्याने वही उघडली आणि हे सगळं एकेक करून लिहून घेतलं. रिफायनरीची नोंद तिच्याकडे नव्हती. माझ्या मते इथे लेकीची बाजू वरचढ ठरली आणि आत्यालाही ते मान्य होतं. इथेनॉलचा विषय तिने तरीही काढला. कोल्हापूरच्या माणसाला तो टाळता येत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यात आपल्या उसाचा वाटा मोठा. लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. या टेबलावरच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याचं जेटचं भोक आहे तेवढंच, म्हणून मिश्रण हलकं पडतं. लेक म्हणाली, ऊस किती पाणी पितो तेही वहीत घे. तेही आत्याने घेतलं.

आत्या : तुझं सगळं मान्य. पण मला एक सांग. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर मला काय दिसेल?

लेक : झाकणं. आणि नारिंगी रंगाच्या जाड वायरी. त्यांना हात लावायचा नाही. तीनशे-साडेतीनशे व्होल्ट, डीसी. धरलं की माणूस वाचणार नाही.

आत्या : म्हणजे मी पुन्हा झाडाखाली.

लेक : असं नाही गं. ते सुरक्षिततेसाठी आहे. हे हाताने उघडण्यासारखं नाहीच. मी स्वतः बॅटरीचं तापमान बघते. मोटरचं काम दुसऱ्या टीमकडे, इन्व्हर्टर तिसऱ्या. मीही ते उघडून बघितलेलं नाही.

आत्या : तुला बघावंसं वाटत नाही?

लेक : ...वेळ कुठे असतो.

हे वाक्य ऐकून मला वाईट वाटलं. मुलीला शिकवताना आम्ही तिच्यासाठी जे मागितलं होतं ते सगळं तिला मिळालंय. नोकरी, मान, स्वतःची गाडी. तरी तिच्या कामातलं एक दार तिला बंद आहे, आणि ते बंद आहे हे आत्याने विचारेपर्यंत तिला जाणवलं नव्हतं.

आत्या : बरं, उघडू नको. समजावून तर सांग. घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकते. थ्रॉटल बंद असतं, पिस्टन बंद दारातून हवा ओढायची धडपड करतात, त्यात जोर जातो आणि गाडी रोखली जाते. मला ते दिसतं. तुझी गाडी पाय उचलला की हळू होते आणि उलट बॅटरी भरते म्हणतेस. तिथे धरून कोण ठेवतं? पिस्टन नाही, घर्षण नाही. तारांची गुंडाळी रोटरला नुसती बाहेरून वेढून बसलीय, शिवतसुद्धा नाही.

लेक : तीच मोटर जनित्र होते. चाक तिला फिरवतं, तिच्यात वीज तयार होते, आणि ती वीज जे चुंबकत्व निर्माण करते ते फिरण्याला विरोध करतं.

आत्या : हे पुस्तकातलं वाक्य झालं. मला विरोध दाखव.

लेक उठली. शेडच्या कोपऱ्यात भंगारातून आलेल्या वस्तूंचा ढीग होता. त्यातून तिने या मारुतीच्याच रेडिएटरचा पंखा ओढून काढला, मागे मोटर असलेला, दोन वायरी लोंबकळणारा. फुंकर मारून धूळ उडवली. वायरींची टोकं लांब ठेवून तिने पात्याला बोटाने झटका दिला. पंखा सहज फिरला, बराच वेळ फिरत राहिला. मग तिने दोन्ही टोकांची तांब्याची तार उघडी करून एकमेकींना पिळून जोडली. बॅटरी नाही, बाकी काहीही लावलेलं नाही.

लेक : आता फिरव.

आत्याने तसाच झटका दिला. पातं जेमतेम अर्धा फेरा गेलं आणि थांबलं.

तिने पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. मग बोटाने सावकाश फिरवलं, तर ते मुकाट फिरलं; वेगाने फिरवलं की अडवायचं.

आत्या : हळू फिरवलं तर सोडतंय. जितकी घाई करावी तितकं धरतंय. असं का?

लेक : वेग वाढला की वीज वाढते, वीज वाढली की विरोध वाढतो.

आत्या : आणि आत्ता ही वीज जातेय कुठे? तुझ्या गाडीत बॅटरीत जाते. इथे तर बॅटरी नाही. खर्चाच्या बाजूला काय लिहू?

लेक : तार गरम होते. किंचितच, हाताला कळणार नाही इतकी.

आत्या : मग जोड सोड, मधे दिव्याचा बल्ब लाव. वहिनी, त्या डब्यात इंडिकेटरचा बारीक बल्ब आहे बघ.